काठातली चांदी

नांदेडची तलम मलमल आणि जरीकाठी वस्त्रं निजामाच्या राज्यात नावाजलेली. वस्त्र विरलं तरी काठाला मोल उरे. अस्सल जर म्हणजे रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. काठ जाळायचा, राख टाकणखार घालून मुशीत वितळवायची. निघालेली गोळी तेजाबात टाकली की चांदी विरघळते, सोनं तळाशी काळपट भुकटी होऊन राहतं. मग त्याच तेजाबात तांब्याचा पत्रा बुडवला की चांदीही परत हाती लागते.

सराफ्यातला केर विकत घेऊन धुणारे झारेकरी याच कसबाचे. दारावरची बोहारीण मात्र पातेलं देऊन जरीचं लुगडं न्यायची. नफा कोणाचा, हे सांगायला नको!

नांदेडात आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातुरात चालणाऱ्या निजामाच्या उस्मानिया रुपयाचीही अशीच गोष्ट. त्यात आधी सुमारे ८२ टक्के चांदी होती, दुसऱ्या महायुद्धात ती ५० टक्क्यांवर आली. म्हणून मोडीत नाण्यावरचं साल महत्त्वाचं.

आता बहुतेक काठ तांब्याच्या तारेचे, नाहीतर प्लास्टिकचे. तरीही आजीचा शालू मोडीत देण्याआधी काठाचा एक धागा सराफाकडून तपासून घ्यावा.