थळ आणि माळशेज

भूमिगत आगगाडीचा विषय निघाला कीं, प्रथम लंडनचें नांव घेतलें जातें. आणि तें योग्यच आहे. १० जानेवारी १८६३ रोजीं पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जमिनीखालून गाडी सुरू झाली, व त्या मार्गावरील बेकर स्ट्रीट हें मूळचें स्थानक आजही वापरांत आहे. परंतु त्याच सुमारास आमच्या ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्याच्या माथ्यावर, सह्याद्रीच्या पोटांत सुरुंग उडत होते, याचें स्मरण आम्हांस क्वचितच होतें.

दोन्ही कामांची रीत भिन्न. लंडनांत रस्ता उकरून चर खणावयाचा, त्यावर विटांची कमान घालावयाची आणि रस्ता पूर्ववत् करावयाचा. थळ घाटांत काळ्या पाषाणास भोंकें पाडून दारू ठासावी लागे. असे तेरा बोगदे तेथें खोदले गेले. कसाऱ्यास गाडी १८६१ सालीं पोंचली. पुढील सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढून ती इगतपुरीस जाण्यास १८६५ चा जानेवारी उजाडला. चढ कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट. घाटाच्या मध्यें एका स्थानकावर गाडी थांबे, एंजिन दुसऱ्या टोकास जोडीत, आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढे. पुढें मार्ग बदलला व तें स्थानकही लोपलें.

शेजारच्या मुरबाडचें भाग्य मात्र निराळें. १८४५ च्या सुमाराच्या मूळ योजनेंत लोहमार्ग माळशेज घाटानें वर न्यावयाचा होता. पुढें मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनीं पाहणीअंतीं थळ व भोर हे घाट पसंत केले. निर्णय शास्त्रदृष्ट्या सयुक्तिक असेल. पण सातवाहनकाळीं ज्या तालुक्याच्या नाणेघाटानें जुन्नरचा व्यापार कोंकणांत उतरे, त्याच्या वांट्यास रूळ आले नाहींत. एका तालुक्यास वासिंद, आटगांव, खर्डी, कसारा अशीं स्थानकें लाभलीं; दुसऱ्यास बैलगाडीची वाट उरली.

बर्कले १८६२ सालीं वारले; घाट पुरा झालेला त्यांनीं पाहिला नाहीं. तरी त्यांचें नांव ग्रंथांत आहे. दगड फोडणाऱ्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं? आमच्या मतें थळचा इतिहास लिहितांना या अनामिकांस आणि वगळलेल्या माळशेजला जागा मिळाली पाहिजे. एरवीं तो केवळ विजयाचा हिशेब होईल.