नामपूरपासून कॉलेजचे अंतर

शाळेच्या स्मरणिकेत कॉलेजचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी कोण पुढे शिकले आणि कोण शेतात किंवा दुकानात लागले, हे केवळ हुशारीवर ठरले नाही. कॉलेज किती लांब आहे, यावरही ते ठरले.

गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली नाशिकला कॉलेज काढले. तेच आजचे एच.पी.टी. कुसुमाग्रज तिथे शिकले, वसंत कानेटकरांनी तिथे शिकवले. कला आणि विज्ञान शाखांच्या शेजारी १९५७ मध्ये वाणिज्यचे बी.वाय.के. कॉलेज आले आणि एकाच आवारात तिन्ही शाखा झाल्या. समोरच्या रस्त्याचे नावच कॉलेज रोड पडले. पण मोसम खोऱ्यातल्या मुलाला हे आवार शंभरावर किलोमीटर दूर. तिथे शिकायचे म्हणजे खोली, खाणावळ आणि घरून दरमहा पैसे. कोरडवाहू शेतकऱ्याला ते कुठून झेपणार?

हे अंतर कमी करण्याचे मोठे काम कर्मवीर भाऊसाहेब हिरे यांनी केले. मालेगाव तालुक्यातल्या निमगावचे भाऊसाहेब मुंबई राज्याचे महसूलमंत्री होते. ‘कसेल त्याची जमीन’ या कुळकायद्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५२ साली त्यांनी महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था स्थापली. जमिनीबरोबर शिक्षणही कुळाच्या घरात जावे, असाच या दोन्ही कामांचा मिळून अर्थ होतो. १९५९ मध्ये संस्थेचे महाराजा सयाजीराव गायकवाड महाविद्यालय मालेगाव कॅम्पात सुरू झाले. आपल्या गावावरून वाहणारी मोसमच पुढे मालेगावातून जाते. तिच्या एका अंगाला जुने शहर व किल्ला, दुसऱ्या अंगाला कॅम्प. नदीच्या याच वाटेवर आता कॉलेज आले. एस.टी.ने जाऊन येणे शक्य झाले.

दुसरा बदल १९७५ चा. त्याआधी अकरावीची मॅट्रिक झाली, की लगेच गाव सोडावे लागे. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग शाळांनाही जोडता येऊ लागले. त्यामुळे गावोगावची मुले आणखी दोन वर्षे घरी राहून शिकू लागली.

पुढे त्याच संस्थेचे समाजश्री प्रशांतदादा हिरे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय खुद्द नामपुरात झाले. नाशिकच्या आवारात होत्या त्या तिन्ही शाखा आता आपल्या गावात आल्या. याचे मोल मुलींच्या बाबतीत सर्वांत जास्त. मुलीला शहरात खोली करून ठेवायला जे घर तयार नव्हते, तेच घर तिला गावातल्या कॉलेजात पाठवू शकते. कांद्याच्या काढणीला हात लावून तासाला हजर राहणेही जमते.

इमारती कोणी, कधी बांधल्या याची नोंद संस्थांच्या दप्तरात राहते. दप्तरात येत नाही ते आपण लिहायचे. प्रत्येक तुकडीने आपल्या वर्गातले कोण पुढे कुठल्या कॉलेजात गेले आणि कोणाचे शिक्षण कशामुळे थांबले, एवढे लिहून शाळेकडे द्यावे. ज्यांचे थांबले तेही आपलेच वर्गमित्र. या इतिहासात त्यांचे पान असलेच पाहिजे.