तोंड आलं, गोळी घेतली

मराठीत डोळे येतात, तसं तोंडही येतं. जीभ सोलवटते, ओठांचे कोपरे चिरतात, ठेचा नुसता पाहिला तरी पाणी येतं ते डोळ्यांत. यवतमाळकडे याचं खापर उष्णतेवर फुटतं. जाईचा पाला चघळा, बाभळीच्या सालीच्या काढ्याने गुळण्या करा, तूप लावा. आणि आता मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणा. लघवी पिवळीधमक झाली की औषध लागू पडलं असं वाटतं. तो पिवळेपणा असतो रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ चा. अंगी न लागलेलं बाहेर पडतं, एवढंच.

ही गोळी जाईच्या पाल्याशेजारी येऊन बसली कशी? एक वाट निलगिरीतल्या कुन्नूरला जाते. तिथल्या पोषण प्रयोगशाळेतल्या आयक्रॉइड आणि कृष्णन यांनी १९३६ मध्ये तोंड येण्याचा संबंध ब-२ च्या कमतरतेशी जोडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांची काळी पडणारी जीभ निकोटिनिक आम्लाने, म्हणजे ब-३ ने बरी केली.

दुसरी वाट आपल्या शेजारून, पैनगंगेपलीकडून येते. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथे पेलाग्राचे, म्हणजे ब-३ च्या कमतरतेच्या रोगाचे, रोगी दिसू लागले. जीभ लालभडक, उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडलेली. पेलाग्रा म्हणजे मका खाणाऱ्यांचा रोग, असा तोवरचा समज. हे लोक तर ज्वारी खाणारे! १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लावर बोट ठेवलं. ते जास्त झालं की शरीराचं ब-३ चं गणित बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यावर बरीच वादावादी झाली.

माझ्या मते ज्वारीला उगाच बदनाम करू नये. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, सोबत तुरीचं वरण आणि वाटीभर ताक असेल, तर ब-३ आणि ब-२ ताटातच आहे. हाल झाले ते भाकर-मिरचीवरच दिवस काढणाऱ्यांचे.

आता जिल्ह्यात शेतात सोयाबीन आहे, ताटात रेशनचा गहू-तांदूळ. तोंड येणं मात्र सुटलेलं नाही, आणि मध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा येऊन बसलाय. खर्रा खाणाऱ्याला तिखट झोंबत असेल, तोंड पुरतं उघडत नसेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर गोळ्या घेत बसू नका. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि तोंड दाखवा.