प्रतिकृती रेल्वे, घरगुती

खऱ्या रेल्वेमार्गाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, घरात मांडून विजेवर चालवायची रचना. पुण्याचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) हे महाराष्ट्रातील या छंदाचे ठळक उदाहरण (पहा : रेल्वे संग्रहालये).

रूढ एचओ प्रमाण १:८७; त्याचा १६.५ मिमी. रूळ १,४३५ मिमी. मार्गाशी जुळतो. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी. असल्याने या तयार रुळावर ती सुमारे १४ टक्के अरुंद दिसते. नागपूर परिसरातील सातपुडा नॅरोगेजचे ७६२ मिमी. मात्र ८.८ मिमी. होतात, म्हणजे बाजारातल्या ९ मिमी. रुळाला जवळजवळ नेमके. आखूड गाड्या व तीव्र वळणे तिथे मुळातच असल्याने छोट्या खोलीत खोटेपणा न येता मार्ग बसतो. नागपुरातील घरासाठी म्हणूनच नॅरोगेज अधिक युक्त. अशी तयार इंजिने मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण ९ मिमी.च्या एन गेज इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर पुठ्ठ्याची वा प्लॅस्टिक पत्र्याची काया चढवता येते. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, तरी नागपूरच्या मोतीबागेतील रेल्वे संग्रहालयात (२००२) मूळ इंजिन व डबे पाहता येतात (पहा : नॅरोगेज).

गाडी सहसा १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावते. धुळीचा काळा थर रुळावर साचला की ती सांध्यावर अडखळते. स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसावा. हिवाळ्यात रूळ ठोकताना दर मीटरला अर्धा मिमी. फट ठेवावी, कारण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर धातू तेवढा वाढतो.