पाचवी सिंफनी (मालर)

उत्तरकालीन स्वच्छंदतावादी पाश्चात्त्य संगीतातील एक श्रेष्ठ वाद्यवृंदरचना. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव्ह मालर (१८६०–१९११) यांनी ती १९०१-०२ मध्ये रचली. १८ ऑक्टोबर १९०४ रोजी जर्मनीतील कोलोन येथे त्यांच्याच संचालनाखाली तिचे पहिले वादन झाले. तिला सुमारे ७० मिनिटे लागतात.

सिंफनीचे विभाग (मूव्हमेंट) सामान्यतः चार असतात; येथे पाच असून ते तीन भागांत मांडलेले आहेत. पहिल्या भागाचा प्रारंभ शोकयात्रेच्या संचलनगीताने होतो. एकटा ट्रंपेट तीन आखूड आणि एक दीर्घ स्वर पुन्हा पुन्हा फुंकतो. याच भागातील दुसऱ्या विभागात हा शोक उद्रेकाचे रूप घेतो. अखेरीकडे पितळी वाद्यांतून स्तोत्रासारखी तेजस्वी धून क्षणभर उमटते व विरते. मधला भाग स्केर्त्सो या एकाच खेळकर विभागाने व्यापला आहे. लेंडलर आणि वॉल्ट्झ या नृत्यांच्या लयींवर त्यात हॉर्नचे एकलवादन रंगते.

तिसऱ्या भागातील आदाजिएत्तो हा संथ विभाग केवळ तंतुवाद्ये व हार्प यांसाठी आहे. दिग्दर्शक लुकीनो व्हिस्कोंती यांच्या ‘डेथ इन व्हेनिस’ (१९७१) या चित्रपटामुळे तो जगभर पोहोचला. राँडो या अंतिम विभागात आदाजिएत्तोचीच धून द्रुत लयीत परतते आणि दुसऱ्या विभागात विरलेले स्तोत्र पूर्णत्वाने दुमदुमते. म्हणूनच आदाजिएत्तो सुटा कितीही मोहक वाटला, तरी त्याचा खरा अर्थ पाचही विभाग सलग ऐकल्यावरच उमगतो.