सिस्टर वॉर्ड यांचं ऊन

नवजात बाळाची कावीळ प्रकाशाने उतरते, हे आधुनिक वैद्यकाच्या नजरेला आणून दिलं ते एका सिस्टरने. मीही सिस्टरच. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून ही हकिगत मला फार जवळची.

आधी कावीळ होते कशी ते सांगते. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, बाळाच्या त्याहून कमी. पेशी फुटली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. एका ग्रॅममागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाचं यकृत त्या कामाला अजून तयार नसतं. त्यात आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तातून आलेली प्रतिद्रव्यं बाळाच्या पेशी भराभर फोडू शकतात. बिलिरुबिन फार चढलं की मेंदूत शिरतं. मग बाळ दगावतं, नाहीतर बहिरेपण, पांगळेपण जन्माचं मागे लागतं. १९५०च्या दशकात यावर मुख्य उपाय एकच होता : नाळेतल्या शिरेतून थोडं थोडं काढत-घालत बाळाचं बहुतेक सगळं रक्त बदलायचं. जोखीम मोठी.

त्या काळात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर वॉर्ड सांभाळत. इन्क्युबेटरच्या कोंदट उबेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. उन्हाळ्यात त्या नाजूकातली नाजूक बाळं अंगणात नेत आणि डॉक्टर राउंडला यायच्या आत परत आणत.

१९५६ साली एका राउंडला त्यांनी एक बाळ उघडं करून डॉ. डॉब्ज यांना दाखवलं. अंग फिकट, पण मधेच एक गडद पिवळा त्रिकोण, कडा अगदी रेखीव. सिस्टरने तिथे काही औषध फासलं असावं, असं डॉक्टरांना वाटलं. वॉर्ड यांनी संकोचत खरा प्रकार सांगितला : त्या जागी चादरीचा कोपरा होता, तिथली कावीळ तशीच राहिली, उरलेल्या अंगाची उतरली. गोष्ट तेवढ्यावरच थांबली. पुढे काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तपासणीत बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. तेव्हा मात्र त्या त्रिकोणाचा अर्थ लागला.

इंग्लंडच्या उन्हाचा भरवसा नाही, म्हणून २४ इंची निळ्या ट्यूबलाइटांची कमान बनवून बाळाला तिच्याखाली ठेवलं. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला. लेखकांत क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स ही तीन नावं. सिस्टर वॉर्ड यांचं नाव नाही. याची मला खंत वाटते. उपचार अमेरिकेत रुजायला आणखी दहा वर्षं गेली. १९६८ साली जेरोल्ड लूसी आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाल्यावर तिथल्या डॉक्टरांना तो पटू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत अँटी-डी इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि आरएचची कावीळ मुळातच टाळता येऊ लागली.

निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो. मग ते यकृतावर भार न टाकता शी-शूवाटे निघून जातं. म्हणून लाइटखालच्या बाळाची शी पातळ, हिरवट होते. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ म्हणून बाहेर डोळे पुसत बसलेल्या आजीला मी हेच समजावायची. डोळ्यांवर पट्टी नीट बसली का, कूस बदलली का, अंगावर प्यायला दोन-तीन तासांनी घेतलंय का, हे पाहणं आमचं काम. आणि बोटाने छातीची, मांडीची, तळपायाची कातडी दाबून पिवळेपण कुठवर उतरलंय ते बघणंही. यंत्र आलं तरी ही नजर लागतेच.

आपल्याकडे अजून कुणी बाळाच्या गळ्यात काविळीची माळ घालतं, कुणी कोवळ्या उन्हावर सोडून देतं. उन्हाचा गुण खरा. पण किती ऊन मिळालं ते मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी हलकी कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते. मात्र पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर तडक दवाखाना गाठा. घरात गर्भवती असेल तर तिचा रक्तगट आजच विचारा. तो निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल डॉक्टरांशी बाळंतपणाआधीच बोला. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ते इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत मिळायला हवं.