बोर्डिंगात धाडलेलं पोर

1972 चा पाऊस आला नाही. विहिरीला तळ दिसला, जनावरं गेली आणि आमचं सगळं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलं. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. त्याची भाकरी काही केल्या थापली जात नसे. 1973 च्या जूनात मायनं एका पत्र्याच्या पेटीत दोन सदरे, एक पितळी आणि गोधडी भरली. मला घेऊन ती वडाळा बहिरोबाच्या रस्त्यावर येष्टीची वाट बघत उभी राहिली. मी नऊ वर्षांचा होतो.

"माय, मी नाय जात."

"हितं ऱ्हाऊन काय खाशील? माझं डोस्कं? तिथं दोन टाइम पोटाला मिळतं, अन् शाळा बी हाय."

ती रडली नाही. येष्टी आली तेव्हा पदर दातात धरून दुसरीकडे बघत होती, एवढं आठवतं.

आपल्या पोटचं पोर मिशनच्या बोर्डिंगात घालायचं, ही गोष्ट नगर जिल्ह्यात माझ्या मायनं काढलेली नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते 1831 च्या डिसेंबरात. सिंथिया फरारबाई 1839 साली नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली इथंच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले तेही फरारबाईंच्याच हाताखाली. 'ज्ञानोदय' हे पत्रही 1842 साली नगरातच सुरू झालं. म्हणजे नगरच्या मातीत पाटी-पुस्तकाला मिशनचा हात लागलेला आहे, हे कुणी नाकारत नाही.

पण बोर्डिंगं भरली ती शिकण्याच्या हौसेनं कमी, दुष्काळानं जास्त. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर महार-मांग वाड्यांतून माणसं मोठ्या संख्येनं मिशनकडे वळली. पुढं 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ. आईबाप गेलेली पोरं मिशननं गोळा केली, जेवू घातलं, सुतारकाम, विणकाम शिकवलं. माझा पणजा त्याच सालात पाण्याखालून गेला, असं आमच्यात सांगतात. गाव म्हणायचं, "भाकरीसाठी बाटला." पणज्याचं उत्तर घरात अजून चालतं: "भाकर तुम्ही दिली असती तं तुमच्याकडं आलो नसतो का?"

हा प्रश्न सोपा नाही. भुकेल्या पोराच्या तोंडात घास घालताना त्याच्या कानात देव घालावा का? घालणाऱ्याचं मन चांगलं असेल, तरी पोराला नको म्हणायची सोय कुठं असते? आणि गावानं तरी काय दिलं होतं? विहिरीवर पाणी नाही, देवळात पाय नाही, शाळेत बसलंच तर दाराबाहेर. बोर्डिंगात पहिल्या रात्री माझ्या एका बाजूला मांगाचं पोर, दुसऱ्या बाजूला एका भिल्लाचं. एकाच पातेल्यातली आमटी. ते मी गावात कधी पाहिलं नव्हतं.

पहाटे घंटा व्हायची. प्रार्थना, झाडलोट, मग शाळा, संध्याकाळी वाफ्यांना पाणी. गाणी नारायण वामन टिळकांची. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पुढं नगरला राहिले, आणि त्यांनी ख्रिस्ताची भजनं ओवी-अभंगाच्या वळणानं लिहिली. आम्ही ती पेटी-तबल्यावर म्हणायचो. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो आणि एक भजन म्हणून दाखवलं, तर माय म्हणाली, "हे तं आपल्या नेवाश्याच्या माऊलीवानीच लागतंय की." तिला त्यात परकं काही दिसलं नाही. परका दिसलो तो मीच. मी खाली बसून जेवायच्या आधी हात जोडून डोळे मिटले, तेव्हा ती घास हातात धरून तशीच थांबली. मी डोळे उघडेपर्यंत तिनं खाल्लं नाही.

रात्री ती बापाला म्हणाली, "पोरगं ऱ्हातंय, पण माझं ऱ्हात न्हाय." मी गोधडीखाली जागाच होतो.

खरी गाठ पुढं पडली. बापाच्या दाखल्यावर 'हिंदू महार' होतं. आमच्या घराला मरीआईही चालायची आणि येशूही. कागदावर काय लिहिलं याची कुणी फिकीर केलेली नव्हती. बोर्डिंगात नाव घालताना कारकुनानं विचारलं, "धर्म?" माय म्हणाली, "पणज्यापासून ख्रिस्ती." त्यानं लिहिलं. तिला वाटलं, खरं सांगितलं म्हणजे पोराला जागा मिळेल. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली होती. 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. मॅट्रिकनंतर कॉलेजात स्कॉलरशिपचा अर्ज परत आला तेव्हा हे मला कळलं. गावात मी महारच होतो, कागदावर नव्हतो. माय शेवटपर्यंत म्हणायची, "एका शब्दानं मी तुझं नुकसान केलं." मी म्हणायचो, "त्याच शब्दानं मी जेवलो की गं." पण तिचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालेलं नाही.

मी मास्तर झालो आणि आता पेन्शनवर आहे. गेल्या मे महिन्यात माझी नात चर्चच्या दहा दिवसांच्या उन्हाळी शिबिराला गेली. तंबूत राहणं, गाणी, खेळ, बायबलच्या गोष्टी. नातीनं स्वतः हट्ट धरला होता. सुनेनं बॅग भरली: टॉर्च, टोपी, खाऊचे डबे, मच्छरांचं मलम. पोरगी हसत गाडीत बसली आणि सून फाटकाला धरून रडली. मी तिला म्हणालो, "अगं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. नको वाटलं तर फोन करील, आपण आणू."

बोलून गेलो, आणि तिथंच थबकलो. नको वाटलं तर परत आणता येतं, ही सोय माझ्या मायला नव्हती. पोराला घरी ठेवलं तर उपाशी, धाडलं तर दुसऱ्याचं. दोन्हींतून तिनं जेवणारं पोर निवडलं. तिची कसली पाठवणी करायची हौस होती, असं ज्यांना वाटतं त्यांनी 1973 च्या जूनात त्या रस्त्यावर येऊन उभं राहायला हवं होतं.

नात परत आली तेव्हा तिच्या बॅगेत मळके कपडे आणि रंगवलेला एक दगड होता. तो तिनं माझ्या पत्र्याच्या पेटीवर ठेवलाय. पेटी अजून आहे. कडी गंजली आहे, पण झाकण लागतं.